मनमाडला गाडी का बदलावी लागायची?

(इयत्ता ४ थी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा)



आपल्या अंकुशनगरात रेल्वे नाही. आपल्याकडे ऊस आहे, साखर कारखाना आहे, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर आहेत, पण रूळ नाहीत. रेल्वे बघायची तर जालन्याला जावं लागतं. तरी मी या लेखात जालना स्टेशनची माहिती न देता मनमाड जंक्शनची माहिती देणार आहे. त्याचं कारण असं की जालन्याहून रेल्वेने मुंबईला जायचं तर मनमाड लागतंच. आणि मोठी माणसं प्रवासाच्या गोष्टी सांगायला लागली की "मग मनमाडला गाडी बदलली" हे वाक्य हटकून येतं. आता तर कोणी मनमाडला गाडी बदलत नाही. जालन्यात बसलं की मुंबईलाच उतरायचं. मग पूर्वीचे लोक का बदलत होते? या प्रश्नाचं उत्तर समजलं की जंक्शन म्हणजे काय तेही समजतं आणि आपल्या मराठवाड्याचा थोडा इतिहासही समजतो.

जंक्शन म्हणजे काय?

रस्त्याला जसा फाटा असतो, तसं रेल्वेला जंक्शन असतं. जिथे दोन किंवा जास्त रेल्वेमार्ग एकत्र येतात त्या स्टेशनला जंक्शन म्हणतात. अशा स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावापुढे "जं." असं लिहिलेलं असतं.

मनमाड हे शहर नाशिक जिल्ह्यात नांदगाव तालुक्यात आहे. तिथून चार दिशांना चार मार्ग जातात.

पहिला मार्ग नाशिक, इगतपुरी, कल्याणवरून मुंबईला जातो. मनमाड ते मुंबई सुमारे २६० किलोमीटर आहे.

दुसरा मार्ग नांदगाव, चाळीसगाव, जळगाववरून भुसावळला जातो. तिथून पुढे नागपूर, दिल्ली, कोलकाता अशा लांबच्या गावांना जाता येतं.

तिसरा मार्ग येवला, कोपरगाव, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) असा दौंडला जातो. दौंडहून पुण्याला आणि सोलापूरला जाता येतं.

चौथा मार्ग आपला आहे. तो नगरसूल, रोटेगाव, लासूर, दौलताबाद, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), जालना, परभणी, नांदेड असा पुढे हैदराबादकडे जातो. मनमाड ते जालना सुमारे १७५ किलोमीटर आहे.

मनमाडजवळ सातमाळ्याच्या डोंगरात अंकाई आणि टंकाई हे जोडकिल्ले आहेत. तिथे हडबीची शेंडी नावाचा एक उंच सुळका पण आहे. तो हाताच्या अंगठ्यासारखा दिसतो. गाडीच्या खिडकीतून हा अंगठा दिसला की मनमाड जवळ आहे असं समजावं.

गाडी वळते कशी?

एसटीच्या ड्रायव्हरकाकांना फाट्यावर वळायचं असलं तर ते स्टेअरिंग फिरवतात. रेल्वेच्या इंजिनाला स्टेअरिंग नसतंच. मग चार रस्त्यांतून आपला रस्ता गाडीला कसा सापडतो?

रेल्वेचं चाक नीट बघितलं तर त्याला आतल्या बाजूने एक उंच कड असते, जशी परातीला असते तशी. ही कड रुळाच्या आतून चालते, म्हणून चाक रुळावरून घसरत नाही. रूळ जिकडे जाईल तिकडे चाक जातं. म्हणजे गाडी वळवायची तर गाडीला वळवून उपयोग नाही, रूळच वळवला पाहिजे. जिथे रूळ वळवतात त्या जागेला सांधा म्हणतात. सांध्यात रुळाच्या दोन निमुळत्या पात्या असतात. त्या एका दांड्याने एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून दोघी बरोबरच सरकतात. एक पाती बाजूच्या मोठ्या रुळाला चिकटली की दुसरी पाती आपल्या रुळापासून सुटते. चाकाची कड सुटलेल्या फटीतून जाते आणि गाडी एका वाटेला लागते. पात्या उलट सरकवल्या की गाडी दुसऱ्या वाटेला लागते.

पूर्वी सांधा बदलायला माणूस असायचा. त्याला सांधेवाला म्हणत. तो लोखंडी खटका जोर लावून ओढायचा. मोठ्या स्टेशनात उंचावर केबिन असायची आणि तिच्यात असे पुष्कळ खटके ओळीने लावलेले असायचे. सिग्नल म्हणजे उंच खांबावर लाकडी किंवा पत्र्याचा हात असायचा. हात आडवा असला की थांबा, हात खाली पडला की या. खटके आणि सिग्नल एकमेकांत असे अडकवलेले असतात की सांधा नीट बसला नाही तर सिग्नल पडतच नाही. हे मला फार आवडलं. माणूस चुकला तरी यंत्र "थांब" म्हणतं. आता मोठ्या स्टेशनात सांधे विजेवर सरकतात आणि सिग्नलला रंगीत दिवे असतात, पण सांध्याची युक्ती तीच आहे.

मनमाड जंक्शन कसे झाले?

आपल्या देशात पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला गेली. ते अंतर ३४ किलोमीटर होतं. कल्याणच्या पुढे रुळाला दोन फाटे फुटले. एक फाटा बोरघाट चढून पुणे, सोलापूरकडे गेला. दुसरा फाटा थळघाट चढून नाशिक, भुसावळकडे गेला. थळघाटातला कसारा ते इगतपुरी हा मार्ग १८६५ साली चालू झाला. मनमाड याच दुसऱ्या फाट्यावर आहे. पण तेव्हा ते जंक्शन नव्हतं, नुसतं मधलं स्टेशन होतं.

आता एक अडचण बघा. घाटाच्या वर सोलापूरची बाजू आणि घाटाच्या वर भुसावळची बाजू, या दोन्ही बाजूंना रूळ होते, पण त्या दोन बाजू एकमेकींना कुठेच जोडलेल्या नव्हत्या. सोलापूरकडचं धान्य रेल्वेने खानदेशात न्यायचं तर आधी घाट उतरून कल्याणला जायचं आणि मग दुसरा घाट चढून परत वर यायचं. म्हणून दौंड ते मनमाड असा मार्ग बांधला. तो १८७८ साली चालू झाला आणि मनमाड जंक्शन झालं.

हा मार्ग बांधला तेव्हा मोठा दुष्काळ होता. १८७६ ते १८७८ अशी ती वर्षं होती. या मार्गाचं मातीकाम दुष्काळी काम म्हणून झालं. म्हणजे ज्यांच्या शेतात काही पिकलं नव्हतं त्या लोकांनी पोटासाठी माती खणली, पाट्या उचलल्या आणि भराव घातला. दौंड-मनमाड गाडीत बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं. त्या भरावाखालची माती भुकेल्या माणसांनी टाकलेली आहे.

आपला मार्ग त्यानंतर आला. तेव्हा जालना, परभणी, नांदेड हा सगळा भाग हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता आणि मनमाड इंग्रजांच्या राज्यात होतं. निजामाच्या रेल्वेने हैदराबादकडून मनमाडपर्यंत गोदावरी खोऱ्याचा मार्ग बांधला. १९०० च्या सुमारास आपल्याकडची गाडी मनमाडला पोचली.

गाडी पोचली खरी, पण जोडली गेली नाही. ते कसं, ते आता सांगते.

एक मीटरची गोष्ट

आपल्या वर्गात लाकडी मीटरपट्टी आहे. ती घेऊन मैदानात एक रेघ मारा. मग पट्टी आडवी ठेवून तिच्या दुसऱ्या टोकाशी दुसरी रेघ मारा. दोन रेघांत बरोबर १ मीटर, म्हणजे १००० मिलिमीटर अंतर झालं. निजामाच्या गोदावरी मार्गाच्या दोन रुळांत एवढंच अंतर होतं. त्याला मीटर गेज म्हणतात. आपल्याकडचे जुने लोक त्याला लहान गाडी म्हणत.

आता पहिल्या रेघेपासून १ मीटर ६७ सेंटिमीटर आणि वर ६ मिलिमीटर मोजून तिसरी रेघ मारा. मुंबईच्या मार्गाच्या दोन रुळांत एवढं, म्हणजे १६७६ मिलिमीटर अंतर होतं. त्याला ब्रॉड गेज म्हणतात. जुनी माणसं मोठी गाडी म्हणत.

आता वजाबाकी करा.

१६७६ – १००० = ६७६ मिलिमीटर

म्हणजे मुंबईचे रूळ आपल्या रुळांपेक्षा ६७६ मिलिमीटर जास्त रुंद होते. एवढ्या फरकाने काय होतं? सगळंच होतं. रेल्वेची दोन चाकं एका जाड लोखंडी कण्यावर घट्ट बसवलेली असतात. ती ओढून लांब करता येत नाहीत. एक मीटरच्या रुळावरची चाकं रुंद रुळावर ठेवली तर सरळ मधेच पडतील. म्हणून आपली लहान गाडी मनमाडला यायची आणि तिथेच संपायची. शेजारच्या फलाटावर मुंबईची मोठी गाडी उभी असायची. दोन्हीकडे रूळ, दोन्हीकडे इंजिन, दोन्हीकडे डबे, पण इकडचा डबा तिकडे जाऊ शकत नव्हता.

मग अशी दोन मापं ठेवली तरी कशाला? त्याला कारण पैसे. सुरुवातीला हिंदुस्थानात रुंद रूळ घातले होते. पण १८७० च्या सुमारास सरकारला वाटलं की फार खर्च होतो. रूळ अरुंद ठेवले तर डबे लहान, इंजिन लहान, पूल लहान आणि जमीनही कमी लागते. म्हणून जिथे कमी माल येईल असं वाटलं तिथे पुष्कळ ठिकाणी मीटर गेज घातलं. बांधताना पैसे वाचले हे खरं आहे. पण बांधायचा खर्च एकदाच असतो. मनमाडला माल उतरवून परत चढवायचा खर्च मात्र रोजचा झाला.

पोती कोणी उचलली?

रेल्वेच्या मालडब्याला मराठीत वाघीण म्हणतात. हे नाव ऐकून आमच्या वर्गात सगळे हसले. पण हिशेब ऐकला की हसू येणार नाही.

समजा जालन्याहून दहा वाघिणींची मालगाडी निघाली. समजा एका वाघिणीत २०० पोती आहेत.

१० × २०० = २००० पोती

मनमाडला ही २००० पोती एका गाडीतून काढून दुसऱ्या गाडीत भरायची आहेत. समजा १० हमाल आहेत आणि प्रत्येक जण एका फेरीत एकच पोतं नेतो.

२००० ÷ १० = २०० फेऱ्या प्रत्येकाला

समजा एका गाडीपासून दुसरी गाडी फक्त २० पावलांवर आहे. जाताना २० पावलं ओझं घेऊन आणि येताना २० पावलं मोकळी.

२०० × ४० = ८००० पावलं

त्यातली ४००० पावलं पाठीवर पोतं घेऊन. आणि हे एका मालगाडीचं झालं. दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी आहेच. हे आकडे मी हिशेबासाठी धरलेले आहेत, पण काम असंच होतं. मालगाडीमागून मालगाडी अशी खाली होत होती आणि भरत होती. पोतं फाटलं तर धान्य सांडायचं, पाऊस आला तर माल भिजायचा आणि वेळ जायचा तो वेगळाच. जालन्याच्या व्यापाऱ्याने कापूस, सरकी किंवा धान्य मुंबईला पाठवलं तर हा सगळा भार त्या मालाच्या किमतीवर पडायचा. शेवटी तो शेतकऱ्यावरच यायचा, कारण व्यापारी तेवढे पैसे कापूनच भाव देणार.

माणसांनाही तसंच करावं लागायचं. आमचे आजोबा तरुणपणी कामाला मुंबईला जात होते. ते सांगतात, "मनमाड आलं की झोपेलं माणूस बी उठायचं. गाडीच तिथं सरायची, बसून ऱ्हाता कुठं? एका हातात पत्र्याची पेटी, एका हातात लेकरू, आन् डोक्यावर वळकटी. मोठ्या गाडीत आधीच भुसावळकडची माणसं बसलेली. जागा घावली तर घावली, नाही तर मुंबईपर्यंत उभंच." आजी म्हणते, मनमाडला उतरलं की ती आधी लेकरं मोजायची आणि मग सामान.

मनमाडची माणसे

जंक्शन म्हटलं की आपण गाड्या मोजतो. माणसं पण मोजली पाहिजेत. सांधेवाले, हमाल, इंजिनात कोळसा टाकणारे, रूळ ठोकणारे, झेंडी दाखवणारे गार्ड, तिकीट देणारे बाबू असे कितीतरी लोक मनमाडला राहायला आले. १९०६ साली तिथे रेल्वेचा मोठा कारखाना निघाला. त्या कारखान्यात पुलांसाठी लागणाऱ्या लोखंडी तुळया बनतात. आपण नदीवरच्या पुलावरून धडधड करत जातो, तेव्हा खालची तुळई मनमाडची असू शकते.

१९३८ सालच्या फेब्रुवारी महिन्यात मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद भरली होती. तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. तेव्हा दलित कामगारांना रेल्वेत रूळ दुरुस्तीचं उन्हातान्हातलं काम मिळायचं, पण वरच्या जागा मिळत नव्हत्या. ज्यांच्यामुळे गाडी रुळावर चालते त्यांनाच पुढे जायला वाट नाही, असं चाललं होतं. बाबासाहेबांनी त्या परिषदेत कामगारांना त्यांच्या हक्कांविषयी सांगितलं. सगळ्या बाजूंनी रेल्वे येत असल्यामुळे अशी परिषद भरवायला मनमाड सोयीचं होतं, असं मला वाटतं.

हैदराबाद मुक्तिसंग्रामातही मनमाडचं नाव येतं. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, पण आपण निजामाच्या राज्यातच राहिलो. तेव्हा आपल्या भागातल्या लढ्याचं एक केंद्र मनमाडला होतं. रेल्वेमुळे मराठवाड्यातली माणसं तिथे पोचू शकत होती आणि निजामाची सत्ता तिथे चालत नव्हती. पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी आपण मुक्त झालो. त्या दिवशी आपण शाळेत झेंडावंदन करतो.

रूळ रुंद झाले

निजामाचं राज्य गेलं. १९६० साली महाराष्ट्र झाला. १९८१ साली आपला जालना जिल्हा झाला. तरी मनमाडला गाडी बदलावी लागतच होती. राज्यांची सीमा पुसली गेली, पण ६७६ मिलिमीटरची सीमा तशीच राहिली.

मराठवाड्यातल्या लोकांनी रुंद रूळ मिळावेत म्हणून वर्षानुवर्षं मागणी केली. मुक्तिसंग्रामातले नेते गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांची मराठवाडा जनता विकास परिषद यांनी हा प्रश्न लावून धरला. लोकांचं म्हणणं साधं होतं. रूळ अरुंद आहेत म्हणून कारखाने येत नाहीत, आणि कारखाने नाहीत म्हणून रूळ रुंद करत नाहीत, असं किती दिवस चालायचं?

१९९२ साली रेल्वेने देशभरातले बहुतेक मार्ग एकाच रुंदीचे करायचं मोठं काम हाती घेतलं. त्याच दशकात आपला मार्गही टप्प्याटप्प्याने रुंद झाला. जुने रूळ काढले, नवे स्लीपर टाकले, पूल मजबूत केले. मग जालन्यात भरलेली वाघीण न उघडता मुंबईला जाऊ लागली. आजोबा म्हणतात, "पहिल्यांदा मनमाडला बसून राहिलो तर चुकल्यासारखं वाटलं. शेजारचा म्हणाला, बसा, गाडी हीच जाते."

पुढे आपल्या मार्गावर विजेच्या तारा आल्या. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना ते मुंबई वंदे भारत एक्सप्रेस चालू झाली. २०२५ साली ती नांदेडपर्यंत वाढवली. ती मनमाडला थोडाच वेळ थांबते आणि निघते. ज्या मनमाडला लोक पेट्या घेऊन धावायचे, तिथे आता लोक जागेवरच बसून राहतात.

मग माल उतरवायचं काम गेलं म्हणून मनमाडचं महत्त्व संपलं का? नाही. चार दिशांना रूळ असल्यामुळे तिथे सरकारी धान्याची मोठी गोदामं आहेत. जवळच पानेवाडीला पेट्रोल आणि डिझेलचे मोठे डेपो आहेत. तिथून टँकर आपल्याकडेही येतात. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला जाणारे पंजाबातले यात्रेकरू सचखंड एक्सप्रेसने मनमाडवरूनच येतात. मनमाडलाही शिखांचा गुप्तसर साहिब नावाचा गुरुद्वारा आहे. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मनमाड ते इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला मंजुरी दिली. तो झाला की मनमाडची पाचवी वाट होईल.

जालना जंक्शन होणार

आता सगळ्यात चांगली बातमी. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने जालना ते जळगाव या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. तो १७४ किलोमीटरचा आहे आणि अजिंठ्याजवळून जाणार आहे. हा मार्ग बांधून झाला की आपल्या जालन्याला दोन मार्ग मिळतील, म्हणजे जालना जंक्शन होईल.

पाटीवर वही ठेवून एक त्रिकोण काढा. एका कोपऱ्याला मनमाड, एका कोपऱ्याला जालना आणि एका कोपऱ्याला जळगाव लिहा. आज जालन्याहून रेल्वेने जळगावला जायचं तर आधी मनमाडला सुमारे १७५ किलोमीटर जायचं आणि तिथून जळगावला सुमारे १६० किलोमीटर. बेरीज झाली ३३५. नवा मार्ग म्हणजे त्रिकोणाची तिसरी बाजू. ती १७४ किलोमीटर आहे. म्हणजे सुमारे १६० किलोमीटर वाचतील. १८७८ साली दौंड-मनमाड मार्गाने घाटाचा फेरा वाचवला होता, तसाच हा फेरा वाचेल. आणि या वेळी दोन्हीकडचे रूळ सारख्याच रुंदीचे असतील. पोती उतरवायला नकोत आणि गाडीही बदलायला नको.

मनमाडच्या इतिहासावरून मला एक गोष्ट समजली. रूळ शेजारी येऊन थांबले म्हणजे गावं जोडली गेली असं होत नाही. इकडचा डबा तिकडे गेला तरच जोडली गेली. आपल्या मार्गाला मनमाडला पोचायला १९०० साल उजाडलं आणि खरंच जोडलं जायला त्यानंतर नव्वद वर्षं लागली. म्हणून नवा मार्ग येईल तेव्हा आपण नुसत्या टाळ्या वाजवून चालणार नाही. तो आपल्या उसाला, कापसाला, मोसंबीला आणि कामाला बाहेरगावी जाणाऱ्या आपल्या माणसांना उपयोगी पडतो का, तेही आपण विचारलं पाहिजे. तोपर्यंत आपण मोठे झालेले असू.

करून पाहा

१) मैदानात मी सांगितलेल्या तीन रेघा मारा. पहिल्या दोन रेघांवर दोन पाय ठेवून उभे राहा. मग पहिली आणि तिसरी रेघ धरून उभे राहून बघा. तुमचे पाय दोन्ही रुळांवर पोचतात का?

२) समजा वाघिणीत २०० ऐवजी २५० पोती आहेत, वाघिणी १२ आहेत आणि हमाल १५ आहेत. प्रत्येकाला किती फेऱ्या होतील?

३) घरी आजी-आजोबांना विचारा, त्यांनी मनमाडला गाडी बदलली होती का? बदलली असेल तर त्यांची आठवण चार ओळींत लिहा.

उत्तरं कागदावर लिहून भित्तिपत्रकाच्या खालच्या खोक्यात टाकावीत. चांगल्या आठवणी पुढच्या महिन्याच्या भित्तिपत्रकात लावू.